कावसजीचे नाक आणि पुण्याजवळचा निनावी कुंभार

१) ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात हिंदुस्थानातून आलेल्या माहितीवर आधारलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. सोबत एक चित्रही होते. पत्राचा विषय असा, की पुण्याजवळ नाक कापलेल्या एका माणसाला त्याच्याच कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवण्यात आले होते. शल्यशास्त्राच्या इतिहासात हा रुग्णवृत्तान्त आजही वारंवार उद्धृत होतो. आजचा धागा त्याच्याविषयी आहे. त्यात काय सांगितले आहे, ते कसे वाचावे, आणि त्यातून एक नाव कसे गळाले, हे क्रमाने पाहू.

२) समाजमाध्यमांवर या घटनेचे दोन अवतार फिरत असतात. एकात सुश्रुताची विद्या इंग्रजांनी पळवली असे ठासून सांगितलेले असते. दुसऱ्यात हा सारा पूर्वजांच्या मोठेपणाचा फुगा आहे असे म्हणून विषय झटकलेला असतो. मूळ पत्र जेमतेम दोन पानांत मावणारे आहे. ते शांतपणे वाचले, तर दोन्ही बाजूंची अडचण होते. आपण तेच करणार आहोत.

३) प्रथम रुग्ण. पत्रात त्याचे नाव 'कावसजी' असे दिले आहे. तो शेतकरी जातीचा मराठा. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. त्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पत्र लिहिले गेले तेव्हा त्याला ईस्ट इंडिया कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळत होते.

४) 'कावसजी' हे नाव आज आपल्या कानाला पारशी वाटते, आणि शेतकरी मराठ्याचे नाव म्हणून ते चमत्कारिकही वाटते. परंतु हे नाव इंग्रजी कानांतून आणि इंग्रजी लेखणीतून आपल्यापर्यंत आले आहे. त्या काळच्या इंग्रजी कागदांत मराठी नावांची जी मोडतोड होते ती पाहता, नावावरून त्याचा धर्म वा कुळ ठरवायला जाणे धोक्याचे. 'मराठा' हा शब्दही तेव्हाचे इंग्रज आजच्या जातिवाचक काटेकोर अर्थाने वापरत नसत. तो मराठी मुलखातला, शेती करणाऱ्या समाजातला माणूस होता, एवढे धरून चालू.

५) आता कालगणना. पत्र म्हणते की बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकाविना राहिला, मग शस्त्रक्रिया झाली. पुढे असेही सांगितले आहे की सोबतचे चित्र ज्यावरून कोरले, ते मूळ चित्र जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले. दहा महिने मागे गेले की मार्च १७९३ येतो. त्यामागे आणखी वर्षभर गेले की १७९२ चा आरंभ, म्हणजे श्रीरंगपट्टणच्या वेढ्याचा काळ. आकडे एकमेकांशी जुळतात. बनावट हकीकतीत सहसा एवढा मेळ नसतो.

६) मार्च १७९३ चे पुणे डोळ्यांसमोर आणा. गादीवर तरुण सवाई माधवराव, कारभार नाना फडणविसांच्या हाती, आणि उत्तरेतून आलेले महादजी शिंदे तळ ठोकून बसलेले. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याची रेसिडेन्सी. दरबारात खलबते चालू असताना शहराबाहेर कुठेतरी एक कुंभार एका माणसाच्या कपाळावर मेणाचा तुकडा ठेवून त्याभोवती रेघ ओढत होता. आपल्या बखरींत पहिल्या गोष्टीला पाने आहेत, दुसरीला एक ओळही नाही.

७) बैल हाकणाऱ्याला एवढी क्रूर शिक्षा का? उत्तर त्या युद्धाच्या स्वरूपात आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तोफा, दारूगोळा, धान्य, सारे काही बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर चालत असे. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसला श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी पोहोचूनही माघार घ्यावी लागली. बैल मेले होते, धान्य संपले होते, आणि ओढून नेता येईनात म्हणून वेढ्याच्या तोफा त्याला स्वतःच नष्ट कराव्या लागल्या. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा रसद घेऊन भेटल्या म्हणून त्याचे सैन्य सावरले. अशा युद्धात बैलवाला हा शिपायाइतकाच मोलाचा, आणि शिपायाहून कितीतरी असुरक्षित.

८) येथे एक पथ्य पाळायला हवे. हा वृत्तान्त टिपूच्या शत्रूपक्षाकडून आलेला आहे, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये टिपूच्या क्रौर्याच्या कथांना मोठी मागणी होती. म्हणून तो खोटा ठरत नाही. कापलेले नाक आणि तुटलेला हात हे पुरावे डॉक्टरांनी व चित्रकाराने प्रत्यक्ष पाहिले होते. परंतु हे कृत्य एका राजाच्या विकृतीचा किंवा एका धर्माच्या स्वभावाचा दाखला म्हणून वाचणे चूक आहे. ते दख्खनच्या युद्धातले एक जुने आणि अनेकांनी वापरलेले हत्यार होते.

९) त्याचा पुरावा शंभर वर्षे आधीचा आहे. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी मोगल दरबारात आणि दख्खनेत वावरला. १६८६ च्या सुमारास औरंगजेबाचा विजापूरशी संघर्ष चालू असतानाची एक हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. मोगल छावणीतून लाकूड आणि वैरण आणायला बाहेर पडणाऱ्या माणसांना विजापूरकर पकडत. ठार मारण्याऐवजी त्यांची नाके कापून परत पाठवत. तेथे नाके कापणारी फौज आदिलशाही होती आणि कापली जाणारी नाके मोगल छावणीतली. लक्ष्य मात्र तेच होते: रसद आणणारा साधा माणूस. मेलेला माणूस छावणीत भीती पसरवत नाही. नाक कापलेला माणूस रोज पसरवतो.

१०) मनुची येथेच थांबत नाही, आणि म्हणूनच त्याची नोंद आपल्यासाठी मोलाची आहे. तो सांगतो की या मुलखातील शस्त्रवैद्य भुवयांच्या वरची कपाळाची कातडी कापून ती खाली नाकाच्या जखमेवर आणत. तिला पीळ देत, म्हणजे जिवंत मांस जिवंत मांसाला लागे. असे नाक असलेली पुष्कळ माणसे त्याने पाहिली. नाकाविना जेवढी विद्रूप दिसली असती तेवढी ती दिसत नसत. फक्त दोन भुवयांमध्ये छेदाची खूण राही. म्हणजे कावसजीच्या आधी शंभर वर्षे दख्खनेत ही शस्त्रक्रिया चालू होती. मनुचीचा ग्रंथ इंग्रजीत विसाव्या शतकाच्या आरंभी आला, त्यामुळे १७९४ च्या लंडनकरांना यातले काही ठाऊक नव्हते.

११) नाकच का, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपण कुणाचे नाक कापतो, कुणी नाक वर करून चालते, कुणाला नाक घासावे लागते, आणि घराण्याचे नाक शाबूत राखायला माणसे कर्ज काढतात. नाशिकचे नाव लोकपरंपरा शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशी जोडते. चोरी आणि व्यभिचार यांसाठी नाक कापण्याची शिक्षा हिंदुस्थानात दीर्घकाळ होती. त्यामुळे लढाईत नाक गमावलेला निरपराध माणूसही अनोळखी गावात गुन्हेगारच दिसे. त्याच्या चेहऱ्यावर जणू एक खोटा निकाल लिहिलेला असे.

१२) आता प्रत्यक्ष क्रिया. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी, टॉमस क्रूझो आणि जेम्स फिंडले यांनी, ती होताना पाहिली होती. पत्रातले वर्णन त्यांच्या पाहण्यावर उभे आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या बुंध्यावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो उचलून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवायचा. त्याच्या कडेने रेघ ओढली की नव्या नाकाला नेमकी किती आणि कोणत्या आकाराची कातडी लागेल, ते कपाळावर उमटते. उंचसखल आकाराचे सपाट माप काढण्याची ही युक्ती विलक्षण सोपी आणि अचूक आहे.

१३) मग रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न तोडता ठेवायची. तिला आपण देठ म्हणू. पान तोडले की सुकते. देठाला असेल तोवर हिरवे राहते. या देठातून कातडीला रक्त मिळत राहते. पत्रलेखकानेही हे कारण स्पष्ट नोंदवले आहे: नवा आणि जुना भाग एकजीव होईपर्यंत रक्ताभिसरण टिकवणे हे त्या पट्टीचे काम.

१४) त्यानंतर बुंध्यावरचा जुना व्रण खरवडून तो भाग पुन्हा ताजा करायचा, आणि त्याच्या मागे, नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत, एक चीर घ्यायची. कपाळाची कातडी खाली आणून, अर्धा पीळ देऊन, तिची कड या चिरेत खोवायची. पीळ द्यावा लागतो, कारण कातडी नुसती उलटली तर तिची बाहेरची बाजू आत जाईल. आणि जुना व्रण खरवडावा लागतो, कारण बरी झालेली जखम दुसऱ्या कातडीला धरून ठेवत नाही. मनुचीने सांगितलेले 'जिवंत मांस जिवंत मांसाला' हे तत्त्व ते हेच.

१५) आता बांधणी. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा, आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवायच्या. इंग्रजी पत्रात काताला त्या काळचे व्यापारी नाव दिले आहे, 'टेरा जापोनिका', म्हणजे जपानी माती; वस्तू मात्र पानाच्या डब्यातली, खैराच्या लाकडापासून काढलेली. कात तुरट असतो आणि वाळल्यावर घट्ट धरतो. त्यामुळे एकाच लेपाने चिकटवणे आणि जखम आवळणे ही दोन्ही कामे होत. पत्रात टाक्यांचा उल्लेख नाही. चार दिवस एवढीच मलमपट्टी.

१६) चार दिवसांनी कात काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवायच्या. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणेच पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा आणि नाकाचा आकार थोडा नीट करायचा. लेखकाच्या मते ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, नवे नाक पक्के बसते, जवळजवळ मूळच्यासारखे दिसते, आणि कपाळावरचा व्रण काळाने फारसा जाणवत नाही.

१७) या तपशिलांकडे आजच्या दृष्टीने पाहा. कपाळाच्या त्या भागाला भुवयांजवळून वर चढणाऱ्या धमन्या रक्त पुरवतात. अरुंद देठावरही कातडी जगते ती त्यांच्यामुळे. नाकाच्या मोठ्या दोषांसाठी कपाळाच्या कातडीचा उपयोग प्लास्टिक सर्जन आजही करतात, आणि देठ साधारणपणे तीन आठवड्यांनी कापतात. पुण्याजवळच्या त्या कुंभाराने रक्तवाहिन्यांची चित्रे पाहिली नव्हती. पंचवीस दिवस थांबायचे, हे त्याला कुणाच्या तरी हाताने, आणि त्या हाताला आधीच्या कुणाच्या हाताने शिकवले होते. प्रत्येक असे शहाणपण काही फसलेल्या नाकांच्या मोबदल्यात आलेले असणार.

१८) मर्यादाही सांगायला हव्यात. या नाकाला आतून अस्तर नव्हते आणि आधाराला कूर्चा नव्हती. अशी कातडी काळाने आकसते. पुढच्या पिढ्यांतील शल्यविशारदांनी अस्तर आणि आधार यांची जोड दिली ती यासाठी. शिवाय भूल नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ चा. जंतू ठाऊक नव्हते. लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ ची. पुढे एका इंग्रज डॉक्टरने हिंदुस्थानात पाहिलेल्या अशाच शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली, तीत जुना वस्तरा आहे, कातडी सोडवताना त्याची धार सारखी जाते म्हणून तो पुन्हा पुन्हा परजला जात आहे, आणि हे दीड तास चालले आहे. कावसजीने काय सोसले असेल याचा अंदाज यावरून बांधावा.

१९) हा वृत्तान्त लंडनला पोहोचण्यामागे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचाही हात आहे. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे आपल्या परिचयाची आहेत. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चाललेल्या चित्रशाळेशीही तो जोडलेला होता. कावसजीला समोर बसवून त्याने चित्र काढले. त्यावरून केलेल्या कोरीवचित्रात कावसजीचा चेहरा, नवे नाक आणि सपाट केलेल्या मेणाची आकृती असे सारे दाखवले आहे. ज्या कुंचल्याने पेशवा रंगवला, त्याच कुंचल्याने एक बैलवाला रंगवला. पेशव्याचे चित्र दरबारासाठी होते. कावसजीचे पुरावा म्हणून.

२०) युरोपला एवढे नवल का वाटावे? नाक घडवण्याची एक पद्धत तेथेही होती. बोलोन्याच्या टालियाकोत्सीने १५९७ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला होता. तीत दंडाची कातडी वापरत, आणि ती नाकाला जडेपर्यंत रुग्णाचा हात कित्येक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवत. ती पद्धत पुढे मागे पडली, चेष्टेचा विषय झाली. म्हणून १७९४ च्या पत्राचा लेखक पुण्याची क्रिया युरोपात बहुधा अज्ञात असल्याचे म्हणतो. 'बी. एल.' अशी त्याची सही आहे.

२१) पत्र अनेकांनी वाचले, त्यावर काम केले जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने. त्याने मृतदेहांवर सराव केला, हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशी केली. पुण्याचा माजी रेसिडेंट मॅलेट यालाही त्याने पत्र लिहिले. मॅलेटने कळवले की ही क्रिया हिंदुस्थानात प्राचीन काळापासून रूढ आहे, ती कुंभार किंवा विटा करणाऱ्या जातीकडेच असते, आणि नेहमीच नव्हे तरी बहुधा यशस्वी होते. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी कार्प्यूने लंडनमध्ये पहिले नाक बसवले. त्याचा रुग्ण एक लष्करी अधिकारी होता. यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधांत त्याचे नाक गेले होते. १८१६ मध्ये कार्प्यूचे पुस्तक आले, १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेचे. युरोपात या क्रियेला 'भारतीय पद्धत' हे नाव मिळाले.

२२) म्हणजे 'चोरी' म्हणावी, तर पत्रात, मॅलेटच्या उत्तरात आणि कार्प्यूच्या पुस्तकात उगम उघड सांगितला आहे, पद्धतीच्या नावातच 'भारतीय' आहे. आणि 'सारी बढाई' म्हणावी, तर साक्षीला इंग्रज डॉक्टर, चित्र, तारखा आणि मनुचीची जुनी नोंद उभी आहे. दोन्ही घोषणा येथे कोसळतात. उरतो तो अधिक अवघड प्रश्न: ही विद्या नेमकी कुणाची?

२३) सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाच्या पाळ्या जोडण्याच्या प्रकारांबरोबर नाक जोडण्याची कृती आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाने घ्यावे, तेवढी कातडी गालावरून सोडवावी, खरवडलेल्या नाकाच्या अग्रावर जोडावी, श्वासासाठी नळ्या घालाव्यात, वरून औषधी चूर्ण आणि तिळाचे तेल. आता पुण्याशी तुलना करा. पानाच्या जागी मेण, नळ्यांच्या जागी बोळे, तेलाच्या जागी तूप. साम्य मोठे आहे. पण फरक त्याहून महत्त्वाचा आहे. सुश्रुत गालाची कातडी घेतो, कुंभार कपाळाची.

२४) हा फरक किरकोळ नाही. कपाळावरची कातडी पुरेशी, रंगाने जुळणारी आणि रक्ताने समृद्ध. व्रण पागोट्याखाली झाकता येतो. गालाकडून कपाळाकडे जाणे ही सुधारणा आहे, आणि ती शतकानुशतके प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी केलेली असणार. म्हणून पुण्याच्या नाकाला सरळ 'सुश्रुताचे नाक' म्हटले की सुश्रुताचा गौरव होतो आणि त्यानंतर या विद्येत भर घालणाऱ्या सगळ्या हातांचा विसर पडतो.

२५) ते हात कुणाचे होते? ग्रंथ पढलेल्या वैद्यांच्या हातून शस्त्रकर्म तोवर बऱ्याच अंशी सुटले होते. रक्त, पू, प्रेत यांना विटाळ मानणाऱ्या समाजात चाकू खाली उतरत गेला आणि जर्राह, न्हावी, कुंभार यांच्याकडे राहिला. कुंभार हा गावगाड्यातला बलुतेदार. मातीला आकार देणारा, ओली आणि वाळलेली वस्तू कशी आकसते हे बोटांनी जाणणारा. 'प्लास्टिक सर्जरी'तला 'प्लास्टिक' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे मातीसारखा घडवता येणारा. व्युत्पत्ती योगायोगाची असेल. पण ती नेमकी आपल्या माणसाला लागू पडते.

२६) आणि त्या माणसाचे नाव नाही. पत्रात रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावे आहेत. पत्र लिहिणाऱ्याने निदान आद्याक्षरे तरी ठेवली आहेत. ज्याने वस्तरा धरला तो फक्त 'पुण्याजवळचा, विटा करणाऱ्यांच्या जातीचा एक माणूस'. पुढच्या काही लेखांत त्याला 'कुमार' म्हटलेले दिसते. तो 'कुंभार' या जातिनामाचाच अपभ्रंश असावा. इंग्रजांनी त्याचे नाव विचारले नाही, आणि आपल्याकडच्या लेखकांनीही लिहून ठेवले नाही. विस्मरणाच्या या कामात दोन्ही बाजूंचा वाटा आहे.

२७) नाव नोंदले गेले की काय फरक पडतो? जुनागडचे उदाहरण घ्या. तेथील मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये नाक घडवण्याच्या शंभर शस्त्रक्रियांवर पुस्तक प्रसिद्ध केले. पद्धत तीच, कपाळाची. पण आता रुग्णालय होते, नोंदवही होती, आणि शस्त्रक्रिया करणारा स्वतःच लेखक होता. त्यामुळे शल्यशास्त्राचा इतिहास त्रिभुवनदासांना नावाने ओळखतो. कुंभाराची विद्या रुग्णालयात आली. कुंभार आला नाही.

२८) आपल्या पुण्यात ससून रुग्णालय उभे राहिले १८६७ मध्ये. कावसजीच्या शस्त्रक्रियेला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. वैद्यकाचे शिक्षण महाविद्यालयात, परवाना सरकारकडे, नोंद रुग्णालयात, अशी नवी घडी बसली. तिने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. मात्र पिढीजात हातांत असलेल्या ज्ञानाला तीत शिरायला दार नव्हते. ज्याला इंग्रजी येत नाही आणि जो लिहीत नाही, तो शल्यविशारद असूच शकत नाही, हे नव्या व्यवस्थेने गृहीत धरले. जुन्या व्यवस्थेने ते जातीच्या भाषेत आधीच धरलेले होते.

२९) एक विरोधाभास ध्यानात घ्या. १७९४ चे ते लंडनचे मासिक आज हिंजवडीत बसून भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत उघडता येते. त्याच काळातले पेशवे दफ्तराचे मोडी कागद येथून तासाभराच्या अंतरावर, पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसे मोजकी. कुंभारांची बलुती, इनामे, तंटे, बक्षिसे यांच्या नोंदी कुठे असतील तर त्या अशा कागदांत. या कथेचा इंग्रजी अर्धा भाग दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा सांगून झाला आहे. मराठी अर्धा भाग शोधायचा, तर मोडी शिकण्याला पर्याय नाही.

३०) शेवटी पुन्हा रुग्णाकडे येऊ, कारण गौरवाच्या भांडणात तोच हरवतो. कावसजीला नाक परत मिळाले. हात मिळाला नाही. हात तर पोटाचा होता. एका हाताने बैल जुंपता येत नाहीत, नांगर धरता येत नाही. नव्या नाकाने त्याला एवढेच दिले, की रस्त्यात भेटणारा माणूस त्याच्याकडे चोर म्हणून पाहणार नाही. त्यासाठी त्याने वस्तरा सोसला आणि पंचवीस दिवस कपाळाची कातडी नाकावर वागवली. लोकांत ताठ मानेने वावरता येणे ही गोष्ट माणसाला किती मोलाची वाटते, याचे मोजमाप हवे असेल तर ते येथे आहे.

३१) वाचकांना एक विनंती. आपल्या घरात वा गावात कुंभार, न्हावी किंवा अन्य कारागीर कुटुंबांकडे हाड बसवणे, जखम शिवणे, कान-नाक जोडणे अशा कामांची परंपरा होती असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, तर ते लिहून ठेवा. शक्य तेथे नावासह. ज्यांच्या हातांनी हे केले त्यांची नावे आता तरी गळू नयेत.

धागा समाप्त.

#इतिहास #पुणे #वैद्यकाचाइतिहास